नववी काच

"हात इकडं दे. तोंड तिकडं कर."

कासारीणमावशी समोर बसलेल्या प्रत्येक बाईला आधी हे सांगायची. बांगडी चढताना बघू नये, बघितलं की जास्त दुखतं, असं तिचं म्हणणं. बाई तोंड फिरवायची आणि तिथंच फसायची. कारण एकदा हात मावशीच्या हातात गेला की शेवटची बांगडी मनगटावर बसेपर्यंत तो परत मिळायचा नाही, आणि तेवढ्या वेळात मावशी काय विचारील याचा नेम नसायचा. सासू पोटभर जेवू देते का? पाळी कधी आली? अंगावरून जातं का? कापडाला डाग पडतो का? बाई लाजायची, चिडायची, उठायला बघायची. पण उठणार कशी? हात तर मावशीच्या मुठीत!

तुमच्याही गावात घरोघरची बातमी ठेवणारी एखादी बाई असेल. तिनं त्या बातम्यांचं काय केलं ते तुम्हाला माहीत. आमच्या मावशीनं काय केलं ते सांगायला बसले की मला अजूनही धाप लागते, अशी ती धावपळ होती.

मी तेव्हा परभणी तालुक्यातल्या एका गावात नर्स होते. सत्तरचं दशक संपत आलेलं, माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. नसबंदीची धामधूम नुकतीच थंडावली होती, पण तिची भीती गावातून गेली नव्हती. सरकारी जीप वेशीत दिसली रे दिसली की बाया ज्वारीत शिरायच्या. एक म्हातारी तर मला बघून आपल्या म्हशीलाही आत घेऊन दार लावायची.

अशा गावात परभणीहून एक डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा यायला लागल्या. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सुरुवातीलाच ओळखायचा, अशी त्यांची जिद्द. लाकडाच्या चपट्या काडीनं तिथलं पाणी हलकेच पुसून घ्यायचं, काचपट्टीवर पसरायचं, ती काच स्पिरिटच्या बरणीत बुडवून, वाळवून औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात पाठवायची. तिथं सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगणार, काही खोट आहे की नाही. एवढंच. पहिल्या महिन्यात किती बायका आल्या म्हणता? एकही नाही. डॉक्टरीणबाई दुपारपर्यंत बसून राहिल्या आणि मी त्यांना तीनदा चहा दिला.

तेवढ्यात दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा टाकलेली मावशी ओसरीवर टेकली. बुटकी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. झरीच्या बाजारातून ती आमच्या गावी यायची. आत डोकावून मला म्हणाली, "येवढी शिकलेली बाई अन् नुसती बसून ऱ्हायलीय? काय करतेत ह्या?"

मी सगळं सांगितलं. कॅन्सर म्हणजे काय हेही सांगितलं, जरा पुस्तकातलंच. मावशीनं ऐकून घेतलं आणि माळेतली एक बांगडी काढून नखानं टिचकी मारली. खणकन वाजली. मग दुसरी काढली, तिला टिचकी मारली. बद्द आवाज आला. "ही बघा. चीर गेलीय हिला. केसाएवढी. डोळ्याला दिसत न्हाई, आवाजात कळतंय. तुमच्या बाईचं बी हेच काम म्हणा की."

तोपर्यंत मी हे कुणालाच इतकं सोपं करून सांगू शकले नव्हते! डॉक्टरीणबाई आतून उठून बाहेर आल्या. मावशीनं त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, माळा उतरवून माझ्या गळ्यात टाकल्या आणि "चला, आधी माझंच बघा," म्हणून आत गेली. पाच मिनिटांत पदर सावरत बाहेर. "बास? बांगड्या भरायला याच्यापेक्षा जास्त दुखतंय."

पुढच्या महिन्यापासून तो दिवस बांगड्यांचा झाला. घरात सांगायचं, बांगड्या भरायला चालले. आत जाऊन तपासून यायचं, आणि बाहेर ओसरीवर मावशीकडून खरोखरच बांगड्या भरून घ्यायच्या, म्हणजे घरी हात दाखवता येतो. सासवांनी काय समजायचं ते समजलं असणार, पण भरल्या हाताला बोल लावायला जीभ वळत नाही. कुणाची बांगडी चढता चढता तडकली तर मावशी चटकन म्हणायची, "वाढली गं, वाढली." फुटली हा शब्द तिनं आयुष्यात उच्चारला नसेल.

मावशीच्या सासूच्या काळात बौद्ध वस्तीतल्या बायकांना बांगड्या मिळायच्या त्या ओट्यावर ठेवून, हात धरून नाही. मावशीनं हे मोडलं. गावातल्या दोन घरांनी तिला त्यावरून बोलूनही बघितलं. तिनं मोठं काही भाषण केलं नाही. "हात न धरता माप कसं कळंल?" एवढंच विचारलं आणि वस्तीतल्या बायकांनाही त्याच ओसरीवर, त्याच रांगेत बसवलं.

आता माझी करणी सांगते. डॉक्टरीणबाईंनी मला हिरकणीची पेन्सिल दिली होती आणि बजावलं होतं, प्रत्येक काचेवर नाव कोरायचं. मला ते ओरखडे आवडेनात. शाळेत माझ्या अक्षराचं कौतुक झालेलं, त्याची हौस अजून फिटली नव्हती. मी छोट्या चिठ्ठ्यांवर दौतीच्या शाईनं सुरेख नावं लिहिली आणि गोंदानं काचांना चिकटवली. त्या दिवशी चौदा बायका आल्या, चौदा काचा झाल्या. संध्याकाळी बरणीचं झाकण काढलं तर स्पिरिट निळं झालेलं आणि चिठ्ठ्या वर तरंगत होत्या, कोऱ्या! काचा मात्र बरणीच्या खाचांत ओळीनं उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाईंची जीप तोवर गेली होती. मी घाबरले. आणि घाबरलेली माणसं करतात तेच केलं. रजिस्टर उघडलं, त्यातली नावं ओळीनं नव्या चिठ्ठ्यांवर लिहिली आणि ओळीनं चिकटवून काचांची पेटी रवाना केली. रजिस्टरमध्ये नावं होती बायका दारात आल्या त्या क्रमानं. पण आत जाताना काय झालं होतं? "आधी तू जा." "नको बाई, तूच आधी जा." कोण कुणाच्या आधी आत गेली याचा पत्ताच नव्हता.

तीन आठवड्यांनी औरंगाबादहून पाकीट आलं. तेरा काचा ठीक. नववीत खोट. बाईला ताबडतोब तपासायला पाठवा, रोग अगदी सुरुवातीचा आहे, हातातला आहे. वर नाव अनसूयेचं, माझ्या सुरेख अक्षरात. अनसूया वीस वर्षांची, उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. मला तेव्हाच कळलं की ही काच तिची असेलच असं नाही. चौदांतली कुणीतरी एक बाई होती. ती भाकरी थापत असेल, कापूस वेचत असेल, आणि तिला काहीच माहीत नव्हतं.

मी ते पाकीट चार दिवस ट्रंकेत ठेवलं. हो, चार दिवस! नोकरी जाईल, गाव थुंकेल, डॉक्टरीणबाई परत यायच्या नाहीत, असलं सगळं डोक्यात फिरत होतं.

पाचव्या दिवशी मावशी आली, मला समोर बसवलं आणि म्हणाली, "हात इकडं दे." मी दिला. तिनं बांगडी घेतलीच नाही. "हात का गार पडलाय पोरी? काय लपवायलीस?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता ही चार शिव्या हासडणार. तिनं विचारलं, "कितवी काच?"

"नववी."

मावशीनं डोळे मिटले. बोटं अशी हलायला लागली, जणू समोर एकेक मनगट येत होतं. "पयली पाटलीण. लाल, अडीच माप, सात भरल्या. दुसरी तिची जाऊ, तिला पोपटी. तिसरीची एक वाढली..." मला काय चाललंय ते कळेना, आणि मग एकदम कळलं. आतून तपासून निघालेली बाई थेट तिच्यापुढं येत होती. म्हणजे काचांचा क्रम तोच बांगड्यांचा क्रम! आणि ही बाई भरलेली बांगडी विसरत नव्हती.

"आठवी अनसूया, चटणी रंगाच्या. नववी..." मावशीचे डोळे उघडले. "नववीला हिरव्या, पिवळ्या ठिपक्याच्या. सव्वादोन माप. मनगट हाडकुळं, बोटं पऱ्हाटीनं चिरलेली. दोनच मागत व्हती, म्या चार घातल्या. पाळी जाऊन दोन वर्सं झाली तरी डाग पडायलाय, असं वसरी चढतानाच म्हणली, म्हणून म्याच तिला आधी आत ढकललं. गया. वढ्यापल्याडच्या टोळीतली गया."

मी म्हटलं, सगळ्या चौदाजणींना परत बोलावून तपासू. "बोलाव," मावशी म्हणाली. "चौदाजणी ज्वारीत शिरतील अन् पंधरावी जल्मात येणार न्हाई. ऊठ. चपला घाल."

ओढ्यापलीकडच्या शेतात कापसाच्या वेचून झालेल्या पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या होत्या. वेचणीची टोळी परवाच हलली होती. पाकीट आलं त्या दिवशी गया इथं होती, माझ्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर! मुकादम म्हणाला, टोळी मानवतला जीनमध्ये गेली, कापसातला कचरा वेचायला. मी बांधावरच बसकण मारली. मावशीनं मला बखोटीला धरून उभं केलं. "रडायचं ते येष्टीत रड. आन् हे पांढरं लुगडं बदल. तुला बघून बाया पळतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंगीत साडीत, मावशीची बांगड्यांची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मानवतच्या बसमध्ये चढले. कंडक्टरनं मला विचारलं, "नवी सून का मावशी?" मावशी म्हणाली, "शिकाऊ हाय. लय फोडाफोडी करते." त्या सबंध दिवसात मी एकदाच हसले ते तेव्हा.

जीनच्या फाटकावर रखवालदार होता. नर्सला त्यानं आत सोडलं नसतंच. कासारणीला कोण अडवणार? जेवणाच्या सुट्टीत पन्नासेक बायका कापूस लागलेल्या केसांनी भोवती जमल्या. मावशी एकेक हात बघत होती, मीही बघत होते. निळ्या, तांबड्या, नुसत्या काळ्या. आणि एकदम एका पोरीच्या मनगटावर हिरव्या, पिवळ्या ठिपक्याच्या दोन! मी तिचा हात असा झपकन धरला की ती ओरडली.

मावशीनं मला बाजूला सारलं. "ह्या बांगड्या कोणाच्या गं?"

"माझ्या हायेत! गयाक्कानं दिल्या. तिच्या चारातल्या दोन."

"गयाक्का कुठाय?"

"ती गेली की पोखर्णीला, लेकीकडं. लेक बाळातपणाला टेकलीय."

मानवतहून पोखर्णीला थेट गाडी नव्हती. आम्ही परभणीला आलो, तिथून पोखर्णीची बस धरली. नरसिंहाच्या देवळाचा कळस दिसला तशी मावशीनं बसमधूनच हात जोडले आणि देवाला दम दिला, "गावली न्हाई तर बघ." वस्तीत विचारत विचारत गेलो. एका घरापुढं बाज टाकून पोटुशी पोरगी बसली होती आणि बाजूला मिरच्यांचे देठ खुडत एक बाई. हाडकुळं मनगट, त्यावर ठिपक्याच्या दोन बांगड्या. मला वाटलं धावत जाऊन तिच्या गळ्यात पडावं.

मावशी शांतपणे जाऊन तिच्यापुढं बसली. "हात इकडं दे गया. दोन कमी दिसायल्यात."

गया हसली, हात दिला. मावशीनं तो पकडला आणि मग सांगितलं, सरळ, काही न लपवता. काचेत खोट निघालीय. औरंगाबादला जाऊन पिशवी काढावी लागंल. गयानं हात ओढला. मावशीनं सोडला नाही. गया उठून उभी राहिली, मावशीही तिच्याबरोबर उठली, आणि अंगणभर दोघींची ओढाताण सुरू झाली. मिरच्या सगळ्या पायाखाली.

"मला आपरेशन न्हाई करायचं! गेल्या सालीच माणसं धरधरून नेली व्हती! मला काय होतंय? काय सुदिक दुखत न्हाई!"

"दुखत न्हाई म्हणूनच मी आलेय!" मावशी ओरडली. "दुखायला लागल्यावर मी येऊन काय करू? तवा मला यायचंच न्हाई तुझ्याकडं!" आणि तिचा आवाज फाटला. मावशीला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. गयाही थांबली. हळूच म्हणाली, "लेक टेकलीय हो. मी गेले तर हिचं कोण करील? हिला सासू न्हाई."

मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडं बोट केलं. "ही करील. ही नर्स हाय. हितं ऱ्हाईल, बाळातपण करील, शेक-शेगडी करील. अन् तुझ्यासंगं मी येते." मला कुणी विचारलंच नव्हतं! पण त्या क्षणी मला कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी मारली असती.

दुसऱ्या दिवशी आधी परभणीला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी गयाला आत नेऊन तपासलं, तुकडा घेतला, आणि हात धूत बाहेर आल्या. "हीच असणार, तुकड्यावरून पक्कं कळेल. पण पाकिटात नाव अनसूयेचं आहे. हे कसं काय झालं, सिस्टर?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आधी मावशीच बोलली, "माझा पाय लागला पेटीला. समद्या चिठ्ठ्या सांडल्या. ही पोर घरात नव्हती, म्याच लावल्या आडव्या-उभ्या. मला कुठं वाचता येतं?" गया बाजूलाच बसली होती. तिनंही ऐकलं. डॉक्टरीणबाई मावशीवर चिडल्या, चांगल्याच चिडल्या. मावशी मान खाली घालून उभी राहिली आणि मी गप्प राहिले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, हे तुम्ही का केलंत? मी आत जाऊन खरं सांगते." तिनं माझा दंड धरला. "भरताना वाढलेली बांगडी कासाराची असते पोरी. गिऱ्हाइकाच्या माथी मारायची न्हाई. आता हिरकणीनं लिहीत जा." आणि हा विषय तिनं मला पुन्हा कधी काढू दिला नाही.

लग्नसराई तोंडावर होती. कासाराची वर्षाची कमाई त्या दिवसांत. मावशीनं माळा खुंटीला टांगल्या आणि गयाबरोबर औरंगाबादच्या दवाखान्यात जाऊन राहिली. ऑपरेशन झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. इकडं पोखर्णीला मी गयाच्या लेकीचं बाळंतपण केलं. मुलगी झाली, ठणठणीत, आणि आवाज तर असा की देवळापर्यंत जावा. गया परत आली तेव्हा मावशीनं वेशीपासूनच हाळी दिली, "आणली गं तुझी आई! समदी शाबूत, एक पिशवी सोडून!" वस्तीतल्या बायका बाहेर धावल्या, मीही कडेवर बाळ घेऊन धावले. तसा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही, हे आमच्या यजमानांनाही माहीत आहे.

पुढच्या बांगड्यांच्या दिवशी ओसरी पुरली नाही. मी प्रत्येक काचेवर हिरकणीनं नाव कोरलं, वेडंवाकडं.

पुढं माझी बदली दुसऱ्या तालुक्याला झाली. अधूनमधून मावशीचा निरोप यायचा, कुणाच्या तरी तोंडी, बहुतेक कुणाला तरी तपासायला पाठवल्याचाच. मग एका उन्हाळ्यात ती तापानं गेली. दोन दिवसांचा ताप. मला कळलं पंधरा दिवसांनी. मी झरीला तिच्या घरी गेले तेव्हा मुलगा बाजाराला गेलेला, दाराला कडी. पायरीवर गया बसली होती. पोखर्णीहून सकाळीच आली होती म्हणाली, उगंच, घर बघायला. अंगानं भरली होती ती. केस पिकले होते.

आम्ही काहीतरी बोललो. नातीचं विचारलं, शाळेत जाते म्हणाली. मग माझ्याच्यानं राहवेना. मी उभ्यानंच सांगून टाकलं. "गयाबाई, पेटीला मावशींचा पाय लागला नव्हता. चिठ्ठ्या मी चुकवल्या होत्या. पाकीट आलं तेव्हा तुम्ही ओढ्यापल्याडच होतात, आणि मी चार दिवस ते दाबून ठेवलं. भीतीनं. मावशींनी माझं झाकलं."

गया माझ्याकडं बघत राहिली. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण मी उभी राहिले.

"तवाच कळलं असतं," ती म्हणाली, "तर लेकीला हात लावू दिला नसता म्या तुमाला. अन् औरंगाबादला बी गेले नसते."

मी मान हलवली.

तिनं कडी लावलेल्या दाराकडं एकदा बघितलं. मग पदर तोंडाला लावला आणि पायरीवर जरा सरकून बसली, माझ्यासाठी जागा करून.